परग्रहावरचा प्राणी लिहायचाय? आधी त्याच्या जेवणाचं बघा

नाशिककरांच्या विज्ञानकथांमध्ये यान उतरायच्या जागा ठरलेल्या आहेत: पांडवलेण्यांचा डोंगर, नाहीतर गंगापूर धरणाचं बॅकवॉटर. दार उघडतं आणि बाहेर येतो एक बुटका, हिरवा, टकला, मोठ्या डोळ्यांचा गृहस्थ. दोन हात, दोन पाय आणि पानभर मजकुरानंतर अस्खलित मराठी. धोतर नेसवून त्याला रामकुंडावरच्या गर्दीत सोडला तर पुजारी त्याचं गोत्र विचारतील, बाकी कुणाच्या काही लक्षात यायचं नाही.

तो हिरवा आहे याला माझी हरकत नाही. पण का हिरवा, असं लेखकाला विचारलं की उत्तर येतं, "परग्रहावरचा आहे ना, म्हणून." गोची इथे आहे. वेगळा दिसावा एवढ्यासाठीच वेगळा केलेला प्राणी दुसऱ्या पानापासून माणसासारखा वागायला लागतो, कारण लेखकाकडे त्याच्याबद्दल दुसरं काही माहीतच नसतं.

विज्ञानकथा लिहायला नुकती सुरुवात करणाऱ्यांसाठी हा लेख आहे. साहित्य फार लागत नाही: एक वही, अकरावी-बारावीचं जीवशास्त्राचं पुस्तक, मोबाइलमधला कॅल्क्युलेटर आणि नाशिकच्या आसपास थोडी पायपीट करायची तयारी. क्रम मात्र पाळा. बहुतेक जण चेहऱ्यापासून सुरुवात करतात. चेहरा सगळ्यात शेवटी यायला हवा. सोबतीला एक प्राणी घेऊ आणि पायरीपायरीने तो घडवत जाऊ. त्याचं नाव पाठमोरा. हे नाव का, ते ओघात कळेल.

पायरी १: ग्रहाचे चार आकडे

वहीच्या पहिल्या पानावर चारच गोष्टी लिहा: गुरुत्वाकर्षण किती, हवा किती दाट आणि कशाची, सूर्य कोणत्या जातीचा आणि जमिनीवर द्रव कोणता.

सोय अशी की नमुने आपल्याच सूर्यमालेत आहेत. मंगळावर गुरुत्व पृथ्वीच्या ०.३८ पट. शनीच्या टायटन या चंद्रावर ते जेमतेम एक सप्तमांश, आणि हवा मात्र आपल्यापेक्षा चौपट दाट. हाताला पंख बांधून माणूस तिथे उडू शकेल, असं गणित सांगतं. म्हणून उडणारे जीव हवे असतील तर दाट हवा आणि कमी गुरुत्व ही जोडी घ्या. पण टायटनवर तापमान उणे १७९ अंश सेल्सिअस. तळी मिथेनची, पाणी दगडासारखं टणक. एवढ्या थंडीत रासायनिक क्रिया इतक्या रखडतात की तिथल्या जीवाला नमस्कार केला तर उत्तर यायला एखादा ऋतू जावा लागेल. कथेला ते चालत असेल तर जरूर घ्या.

नवोदित हमखास विसरतात तो सूर्य. आपल्या आकाशगंगेतले सुमारे तीन चतुर्थांश तारे लाल बटू आहेत: लहान, मंद, तांबडे. सूर्यानंतरचा आपल्याला सगळ्यात जवळचा तारा, ४.२ प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्झिमा सेंटॉरी, याच जातीचा. २०१६ साली त्याच्याभोवती एक ग्रह सापडला. त्याचं वर्ष ११.२ दिवसांचं. ट्रॅपिस्ट-१ हाही लाल बटूच, आणि त्याच्याभोवती सात खडकाळ ग्रह फिरतात. ताऱ्याला इतकं खेटून फिरणाऱ्या ग्रहाची एकच बाजू बहुधा कायम उजेडात राहते, चंद्राची एकच बाजू आपल्याला दिसते तशी. एकीकडे न संपणारी दुपार, दुसरीकडे न संपणारी रात्र. शिवाय अशा ताऱ्यांवर अधूनमधून जोरदार भडके उडतात आणि अतिनील किरणांचा मारा होतो. उजेडही बराचसा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा. तिथली झाडं मिळेल तो सगळा प्रकाश पिऊन घ्यायला काळीकुट्ट असू शकतील.

आपण अशाच एका ग्रहावर जाऊ. नाव ठेवू तिन्हीसांज. गुरुत्व १.२ पट, हवा तिप्पट दाट, द्रव म्हणजे साधं पाणी. राहण्याजोगा पट्टा उजेड आणि अंधार यांच्या सीमेवरचा. तिथे वारा कधीच पडत नाही: उजेडाच्या बाजूची हवा तापून वर चढते, उंचावरून अंधाराच्या बाजूला जाते, गार होऊन खाली बसते आणि जमिनीलगत परत उजेडाकडे वाहत येते.

पायरी २: हा खातो काय?

हा प्रश्न या लेखात मी पुन्हा पुन्हा विचारणार आहे, आणि तुम्हीही तो स्वतःला विचारत राहा. परग्रहावरचे बहुतेक प्राणी इथेच आडवे होतात. वाळवंटी ग्रह, गवताची काडी नाही, आणि वाळूखालून डोंगराएवढे नरभक्षक सरपटतायत. कथेतली माणसं येईपर्यंत त्यांनी काय खाल्लं? अन्नसाखळीत एका पायरीवरून वरच्या पायरीवर साधारण दहा टक्के ऊर्जा पोचते. म्हणून एका बिबट्यामागे कित्येक हरणं, रानडुकरं, कुत्री लागतात, आणि त्यांच्यामागे केवढं तरी गवत. कथेत एक भक्षक दाखवलात तर मागे चराऊ रान दिसलं पाहिजे, निदान एका वाक्यात.

आता हिरव्या गृहस्थाकडे वळू. कातडी हिरवी, म्हणजे ऊन खाऊन जगतो, असं काही लेखक हुशारीने सांगतात. कॅल्क्युलेटर काढा. माणसाच्या आकाराचं शरीर दिवसाला साधारण २,००० किलोकॅलरी वापरतं, म्हणजे सरासरी १०० वॉट. एका वेळी ऊन लागेल अशी कातडी धरा एक चौरस मीटर. नाशिकच्या भर दुपारी एवढ्या जागेवर हजार वॉटच्या आसपास ऊन पडतं. रात्र, सकाळ, संध्याकाळ धरून सरासरी काढली तर दोनशेच्या घरात. वनस्पती त्यातला फार तर एक-दोन टक्के हिस्सा साठवतात. हातात आले दोन ते चार वॉट, आणि गरज शंभराची! म्हणून झाडं पानं पसरून एका जागी उभी असतात. चालत नाहीत, भांडत नाहीत आणि यान तर मुळीच चालवत नाहीत.

दुसरा आवडता प्रकार म्हणजे "त्यांना ऑक्सिजन लागत नाही". कबूल, पृथ्वीवरही असे जीव भरपूर आहेत. नाशिकच्या वायनरीतल्या टाक्यांमध्ये हेच चाललेलं असतं. यीस्ट ऑक्सिजनशिवाय द्राक्षरसातल्या साखरेवर जगतं. पण साखरेच्या एका रेणूतून पेशीचं चलन असलेले एटीपी त्याला मिळतात दोन. तीच साखर ऑक्सिजन वापरून पेशीने पुरती जाळली तर तीसच्या आसपास मिळतात. यीस्टला काढता न आलेली ऊर्जा दारूत शिल्लक राहते. ब्रँडी पेटते ती त्याचमुळे. शेवटी मद्याचं प्रमाण वाढलं की यीस्ट आपल्याच उत्सर्जनात मरतं. एवढ्या तुटपुंज्या कमाईवर सूक्ष्मजीव मजेत जगतात. धावणारा, विचार करणारा मोठा प्राणी त्यावर पोसायचा असेल तर त्याला अखंड खायला घाला, नाहीतर ऑक्सिजनच्या तोडीचं दुसरं काहीतरी हवेत ठेवा.

टंचाईतून मात्र फार सुंदर जीव निघतात. त्याचा नमुना बघायला श्रावण-भाद्रपदात अंजनेरी-त्र्यंबकच्या बाजूच्या कातळावर जा. जांभळट निळ्या फुलांचा सडा दिसतो, ती सीतेची आसवं. उकिडवं बसून बघा: बोटभर दांडा, टोकाला फूल, पानं जवळजवळ नाहीतच. खाली ओल्या मातीत टाचणीच्या डोक्याहून लहान फुगे असतात. सूक्ष्म जीव दाराशी आला की फुगा त्याला एक-दोन मिलिसेकंदांत आत ओढतो आणि पचवतो. बेसाल्टच्या कातळावर मातीचा थर वीतभरही नाही, नायट्रोजनची बोंब, म्हणून ही वनस्पती शिकारी झाली. गरज, तिच्यावर काढलेला तोडगा आणि त्या तोडग्याने बदललेलं रूप, अशी सगळी साखळी इथे एका नजरेत दिसते. तुमच्या प्राण्याच्या प्रत्येक अवयवामागे अशी साखळी लिहिता आली पाहिजे.

पाठमोरा काय खातो? उजेडाच्या बाजूच्या काळ्या झाडांचे बीजाणू गरम हवेबरोबर वर जातात, अंधारावरून फेरी मारतात आणि जमिनीलगतच्या गार वाऱ्याबरोबर परत येतात. पाठमोरा कातळावर बसून, अंगातून फुटलेली जाळीदार चाळणी त्या वाऱ्यात पसरतो. तोंड अंधाराकडे, सूर्याकडे कायम पाठ.

परवडतं का बघू. चाळणी एक चौरस मीटर, वारा सेकंदाला दहा मीटर, म्हणजे सेकंदाला दहा घनमीटर हवा. एका घनमीटरमध्ये एक मिलिग्रॅम खाण्याजोगी धूळ धरली (आपल्या हिशोबाने ही फारच धुळकट हवा, पण तिथली हवा दाट आहे) तर चोवीस तासांत ८६४ ग्रॅम समोरून जाते. पाव हिस्सा अडकला तरी दोनशे ग्रॅमच्या वर. सुकं अन्न ग्रॅमला चार किलोकॅलरी, म्हणजे दिवसाची कमाई साडेआठशे. उष्ण रक्ताच्या, माणसाएवढ्या प्राण्याचं यात भागणार नाही. पण सरपटणाऱ्या प्राण्यांना तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण एक दशांश ऊर्जा पुरते. म्हणून पाठमोरा थंड रक्ताचा, संथ, आणि हाताशी बरीच शिल्लक बाळगणारा. ही शिल्लक पुढे उपयोगी पडेल.

पायरी ३: आकार मनाला येईल तसा वाढवू नका

मुंगी शंभर पट मोठी केली की काय होतं? उंची शंभर पट, पायाची जाडी, म्हणजे छेदाचं क्षेत्रफळ, दहा हजार पट, आणि वजन दहा लाख पट. पायावरचा ताण शंभर पटींनी वाढला. उभी राहतानाच पाय मोडतील. गॅलिलिओने १६३८ साली हाडांची चित्रं काढून हे दाखवलं होतं. हत्तीचे पाय खांबासारखे सरळ असतात ते याच कारणाने.

"माझ्या ग्रहावर गुरुत्व कमी आहे" ही पळवाट पायांपुरती चालते, श्वासाला चालत नाही. कीटक अंगावरच्या छिद्रांतून आणि बारीक नळ्यांतून हवा आत घेतात. शरीर फार मोठं झालं की आतपर्यंत ऑक्सिजन पुरवणं अवघड. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी पंखांचा विस्तार पाऊण मीटरच्या जवळ जाणारे, चतुरासारखे कीटक होते, तेव्हा हवेत ऑक्सिजन आजच्यापेक्षा बराच जास्त असावा असा अंदाज आहे. मोठा कीटक हवाच असेल तर हवेतला ऑक्सिजन वाढवा, पण मग आगीही जास्त लागतील, आणि तेही कथेत यायला हवं. दुसरा मार्ग फुप्फुसं देण्याचा. मग तो कीटक राहत नाही, आणि त्याने काही बिघडत नाही.

पाठमोऱ्याला काय सोसावं लागतं? तिप्पट दाट हवा दहा मीटरच्या वेगाने चौरस मीटरभर चाळणीवर आदळली तर अठरा-एकोणीस किलो वजनाएवढा रेटा बसतो, अष्टौप्रहर. उंच, सडपातळ देह उलटून पडेल. म्हणून तो बुटका, पसरट, तीन पायांवर तिवईसारखा रोवलेला. तीन पाय मी गंमत म्हणून दिले नाहीत. खडबडीत कातळावर न डगमगता टेकायला तीनच पुरतात.

पायरी ४: रसायन, आणि सिलिकॉनचा मोह

इथे थोडक्यात आटपतो. सिलिकॉनचे जीव लिहायची हौस प्रत्येकाला एकदा येते, कारण सिलिकॉनही कार्बनसारखे चार बंध करतो. पण कार्बन जळला की वायू होतो, श्वासावाटे बाहेर टाकता येतो. सिलिकॉन ऑक्सिजनशी जुळला की होते वाळू. उच्छ्वासाला वाळू टाकणारा प्राणी डोळ्यांसमोर आणा. सिलिकॉनला दगडांचीच आवड किती, ते सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात बघून या; दख्खनच्या बेसाल्टमधल्या झिओलाइट या सिलिकॉनयुक्त खनिजाचे स्फटिक तिथे मांडलेत, देखणे आणि पूर्ण निर्जीव. कार्बन आणि पाणी घेतलं म्हणून तुम्ही कमी कल्पक ठरत नाही.

रक्ताचा रंग बदलायचा असेल तर खुशाल बदला, आधार इथेच आहे. पहिल्या पावसात इगतपुरी-त्र्यंबककडे ओढ्यात जे खेकडे पकडतात, त्यांचं रक्त लाल नसतं. लोहाऐवजी त्यात तांबं असतं आणि हवा लागली की ते फिकट निळसर होतं. मात्र तांब्याचं हे द्रव्य लाल हिमोग्लोबिनपेक्षा ऑक्सिजन वाहायला कमी कार्यक्षम. निळ्या रक्ताचा प्राणी मॅरेथॉन धावताना दाखवू नका. पाठमोऱ्याला ते चालेल.

जीव किती चिवट असू शकतात याची कल्पना यायला एक खराखुरा प्रयोग वाचा. २००५ साली जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने हैदराबादहून इस्रोचा फुगा सोडला होता. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरच्या हवेच्या नमुन्यांत जिवाणू सापडले, त्यातल्या तीन जाती विज्ञानाला नव्या होत्या आणि अतिनील किरणांना दाद न देणाऱ्या. ते परग्रहावरून आले असा दावा इस्रोने केला नाही. नारळीकर २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, आणि विज्ञानकथा लिहिणाऱ्याने पुराव्याच्या पुढे किती आणि कसं जावं, हे त्यांच्याकडूनच शिकावं.

पायरी ५: शरीराचा आराखडा

आता कुठे दिसण्याकडे आलो. इथे दोन याद्या करा. एका यादीत भौतिकशास्त्राने भाग पाडलेल्या गोष्टी. पाण्यात वेगाने पोहायचं तर शरीर दोन्ही टोकांना निमुळतं, म्हणून शार्क, डॉल्फिन आणि नामशेष झालेले इक्थिओसॉर एकमेकांसारखे दिसतात, नातं लांबचं असूनही. उड्डाण पृथ्वीवर चार वेळा स्वतंत्रपणे घडलं: कीटक, टेरोसॉर (नामशेष झालेले उडणारे सरीसृप), पक्षी, वटवाघळं. डोळे तर चाळीसहून अधिक वेळा. तुमच्या प्राण्याला डोळे, पंख दिलेत तर कुणी हसणार नाही.

दुसऱ्या यादीत इतिहासाचे अपघात. चार हातपाय आपल्याला मिळाले ते विशिष्ट माशांच्या जोडीजोडीच्या परांमुळे. पाच बोटंही ठरलेली नव्हती. सुरुवातीच्या चतुष्पादांपैकी अॅकँथोस्टेगाला आठ बोटं होती. दोन डोळे, मध्ये नाक, खाली तोंड, बाजूंना कान, हा संच दुसऱ्या ग्रहावर जसाच्या तसा निघणं म्हणजे मटक्याचा आकडा लागणं. आणखी एक पथ्य: तुमच्या नायकाला सहा पाय असतील तर त्याच्या ग्रहावरच्या त्याच्या भाऊबंदांनाही सहाच्या जवळपास हवेत. एकट्या नायकाला सहा आणि त्याच्या घोड्याला चार, असं करू नका.

याचा सराव करायला थंडीत भल्या पहाटे निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जा. २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून त्याची नोंद झाली. पक्ष्यांची नावं पाठ करायची घाई नको. एकच पाणी, एकच चिखल, आणि चोची बघा. चमच्या पक्षी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे झुलवतो. काही लागलं की मिटतो. थापट्या बदकाच्या चोचीच्या कडेला गाळणी असते. शेकाट्या त्याच्या काडीसारख्या तांबड्या पायांमुळे इतरांपेक्षा खोल पाण्यात उभा राहून टिपतो. जांभळी पाणकोंबडी लांबलचक बोटांनी पाणवनस्पतींवर भार वाटून चालते. वहीत डावीकडे चोच किंवा पाय काढा, उजवीकडे "हा खातो काय" ते लिहा. मग घरी येऊन उजवीकडची बाजू झाका आणि तुमच्या ग्रहावरचं अन्न लिहून डावीकडचं चित्र नव्याने काढा. या एका सरावाने जेवढं साधतं तेवढं दहा चित्रपट बघून साधत नाही.

पाठमोऱ्याच्या चाळणीत धूळ अडकते, ती सतत वेचावी लागते. म्हणून तोंडाभोवती नाजूक, लवचिक बोटं. मोजायची गरज नाही, "पुष्कळ" म्हणा. डोळे मुख्यतः अवरक्त प्रकाशाचे. भडका उडाला की सगळं अंग पाठीवरच्या जाड कवचाखाली घ्यायचं. पाठच सूर्याकडे असल्यामुळे कवचही तिथेच आलं. बघा, चेहरा अजून काढलेला नाही आणि प्राणी दिसायला लागला.

पायरी ६: लग्न आणि आजारपण

परग्रहावरचा नायक, नाशिकरोडची नायिका आणि त्यांचं बाळ. नको. घोडा आणि गाढव एवढे जवळचे, तरी त्यांचं खेचर बहुधा वांझ निघतं. ज्याचा आपल्याशी कोणताच पूर्वज सामाईक नाही त्याच्याशी संकर होण्यापेक्षा माणसाचा आणि मेथीच्या जुडीचा संकर सोपा. ती निदान नात्यातली आहे. प्रेम दाखवा, त्याला जीवशास्त्राची आडकाठी नाही.

तसंच साथीच्या रोगाचं. द्राक्षबागेत डाउनी आला की घड डोळ्यांदेखत जातात, बागायतदार रात्रंदिवस फवारतो. पण तो डाउनी फवारणाऱ्याला होत नाही आणि शेजारच्या वावरातल्या कांद्यालाही नाही. रोगजंतूंना आपापला यजमान ओळखीचा लागतो. परग्रहावरचा विषाणू आपल्या पेशीत शिरून तिची यंत्रणा वापरेल, ही शक्यता फार दूरची. त्यांचं अन्नही आपल्याला पचेलच असं नाही: अमिनो आम्लांचे रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं असू शकतात; आपली प्रथिनं डाव्या हाताच्या आम्लांची असतात, तिथली उजव्या हाताची असली तर पोट भरेल आणि उपाशी मराल. ही कल्पना मी फुकट देतोय, कथा कुणीतरी लिहा.

पुनरुत्पादनात नवलाई हवी असेल तर गोदाकाठच्या एखाद्या उंबराखाली थांबा. पिकलेलं फळ फोडून भिंगातून पाहा. फुलं आत असतात. चिमुकली गांधीलमाशी इवल्या छिद्रातून आत शिरते, त्यात तिचे पंखही तुटतात. आत ती परागीभवन करते, अंडी घालते आणि मरते. तिचे नर आतच जन्मतात, आतच मिलन करतात, माद्यांसाठी बाहेरची वाट पोखरतात आणि बहुतेक तिथेच संपतात. बाहेरचं जग त्यांच्या वाट्याला येत नाही. हे परग्रहावर घडतं असं लिहिलं असतं तर संपादकाने "अतिरंजित" असा शेरा मारला असता.

पायरी ७: बुद्धी परवडते का?

माणसाचा मेंदू वजनाच्या दोन टक्के, पण खातो शरीराच्या वीस टक्के ऊर्जा. ज्याला उपयोग नाही तो हा खर्च करत नाही. सी-स्क्वर्ट नावाचा सागरी जीव लहानपणी पोहतो तेव्हा त्याला मेंदूसारखी गाठ असते. खडकाला कायमचा चिकटला की ती तो विरघळवून टाकतो.

गुंतागुंतीचं काम दिसलं की लगेच बुद्धी गृहीत धरू नका. आपल्याकडच्या वारुळातल्या वाळव्या कुजक्या लाकडाच्या चोथ्यावर बुरशीची शेती करतात. पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात त्या त्याच शेतातल्या. हा धंदा सुमारे तीन कोटी वर्षं चालू आहे आणि एकाही वाळवीला शेतीवर मत नाही. उलट ऑक्टोपस बघा: पन्नास कोटी मज्जापेशी, त्यातल्या दोन तृतीयांश बाहूंमध्ये, बरण्यांची झाकणं उघडण्याइतका हुशार. पण बहुतेक जाती एक-दोन वर्षं जगतात आणि आई पिल्लांचं तोंड बघण्याआधी किंवा त्याच सुमाराला मरते. शिकवायला कुणी नाही, म्हणून प्रत्येक पिढी शून्यापासून सुरू. शिवाय पाण्यात आग नाही, आगीशिवाय धातू नाही. यान बांधणारी पाण्यातली संस्कृती दाखवायची तर याचं उत्तर तयार ठेवा. हवेत ऑक्सिजन पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली असेल तर जमिनीवरही लाकूड धड पेटत नाही.

मग एका जागी बसणाऱ्या पाठमोऱ्याला मेंदू कशाला? मी इथे बराच काळ अडकलो होतो, आणि उत्तर वाऱ्यातच निघालं. वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसलेला पाठमोरा मागच्याच्या वाट्याची धूळ गाळून घेतो. मागच्याला उरतो धुतलेला वारा. म्हणजे भांडण आलं, आणि पाळ्या, तडजोडी, भिंती बांधून झोत वळवणं, वरच्याने खालच्याला किती सोडायचं याचे करारही आले. दर दुष्काळी वर्षी गंगापूर-दारणेतून जायकवाडीला किती पाणी सोडायचं यावरून नाशिक आणि मराठवाडा कसे समोरासमोर येतात, हे ज्याने पाहिलंय त्याला पाठमोऱ्यांचं राजकारण समजावून सांगावं लागणार नाही. करार लक्षात ठेवायला स्मरणशक्ती लागते, लबाडी ओळखायला चेहरे लक्षात ठेवावे लागतात, आणि खर्चाला मघाची शिल्लक आहे. आता चेहरा काढा, कारण आता त्याचा उपयोग आहे.

कथाही इथेच मिळाली. भडका उडतो, सगळे कवचात जातात, आणि वरच्या रांगेतला एक जण बाहेर येतच नाही. तो मेला तर जागा कुणाची? माणसाचं यान तिथे उतरलंच, तर ते नेमकं वाऱ्याच्या तोंडावर उभं राहील आणि खालच्या सगळ्यांची उपासमार होईल. युद्धासाठी लेसर बंदुका लागल्या नाहीत.

पायरी ८: वही मिटून लिहा

एवढं जमवल्यावर सगळं कथेत कोंबायचा मोह होतो. "पाठमोरे हे थंड रक्ताचे, त्रिपाद, वायुगाळक जीव होते" असं वाक्य पहिल्याच परिच्छेदात आलं की वाचक उठून चहा करायला जातो. त्यापेक्षा असं: "यान उतरलं तशी खालच्या रांगेतल्या म्हातारीने चाळणी मिटली. पसरून उपयोग नव्हता." वाचक आपणच विचारतो, कशाला उपयोग नव्हता? वहीतलं दहा टक्के पानावर आलं तरी भरपूर झालं. उरलेलं तुम्हाला माहीत असल्यामुळे वाक्यं चुकत नाहीत.

आणि एक सूट घ्या. एकच. कथेसाठी प्रकाशापेक्षा वेगाने जाणारं यान हवं असेल तर घ्या, समजावत बसू नका. पण मग दुसरी सूट घेऊ नका. वाचक एक अशक्य गोष्ट हसत गिळतो, दुसरीला त्याची भुवई वर जाते.

मसुदा झाला की दोघांना वाचायला द्या: एक जीवशास्त्राचे शिक्षक आणि एक विज्ञानकथा कधीच न वाचणारी व्यक्ती, शक्यतो शेतकरी. शिक्षक पेशीतली चूक काढतील. शेतकरी मात्र "मग यांना पाणी कुठून?" असं काहीतरी विचारेल की अख्खं प्रकरण नव्याने लिहावं लागेल, आणि ते बहुतेक सुधारेलच. पाठवायला दिवाळी अंक आहेतच. त्यांची जुळवाजुळव उन्हाळ्यातच सुरू होते, तेव्हा गणपतीत जागे होऊ नका. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेवरही लक्ष ठेवा. १९७४ साली नारळीकरांनी या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने कथा पाठवली होती, आपलं नाव परीक्षकांनी ओळखू नये म्हणून. ती पहिली आली.

कथेसोबत वहीची पानं जोडू नका, संपादकाला ती नको असतात. वही पुढच्या कथेला लागते. तिन्हीसांजेच्या उजेडाच्या बाजूला ती काळी झाडं आहेत, म्हणजे त्यांना खाणारं कुणीतरी असणारच. ते पान मी कोरं ठेवलंय. वाटलं तर तुम्ही भरा.